तुरट

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात मुरलेले देशी शब्द त्यात गोळा केलेले आहेत. त्यात ‘लोल-श्रॉब’ अशी एक नोंद सापडते. लोल-श्रॉब म्हणजे लाल शराब, आणि लाल शराब म्हणजे क्लॅरेट, फ्रान्समधल्या बोर्दो परिसराची तांबडी वाइन. हिंदुस्थानात क्लॅरेटला सगळीकडे हेच नाव होतं, असं कोशकार सांगतात. शँपेनचं असंच ‘सिमकिन’ झालं होतं.

या नोंदीकडे मी बराच काळ गंमत म्हणून पाहत आलो. पुढे जबलपूरच्या इतिहासाची टिपणं जुळवताना ध्यानात आलं, की त्या बाटलीची आणि आमच्या गावाची गाठ दोन ठिकाणी पडते. एक रेल्वेच्या रुळांवर आणि दुसरी जिभेवर. रुळांची गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. जिभेची फारशी कोणी सांगत नाही, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

आधी नावाबद्दल. ११५२ साली आक्विटेनची एलिनॉर आणि हेन्री प्लँटाजेनेट यांचं लग्न झालं. दोन वर्षांनी हेन्री इंग्लंडच्या गादीवर बसला आणि बोर्दोचा मुलूख इंग्लंडच्या राजघराण्याकडे आला. १४५३ साली कास्तियाँच्या लढाईत तो कायमचा गेला. मधली तीनशे वर्षं वाइनची पिंपं भरलेली जहाजं तिथून इंग्लंडला जात होती. तेव्हाची ती वाइन फिकट तांबडी असे. फ्रेंचमध्ये तिला ‘क्लेरे’ म्हणत, इंग्रजांनी त्याचं क्लॅरेट केलं. पुढच्या शतकांत वाइन गडद झाली, नाव मात्र तेच राहिलं. त्यामुळे जबलपूरच्या छावणीत पोचेपर्यंत या बाटलीचं दोनदा बारसं झालेलं असे, एकदा टेम्सच्या काठी आणि एकदा गंगेच्या.

छावणी इथे पडली ती मराठ्यांच्या पाडावानंतर. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचं राज्य सागरच्या मराठ्यांनी घेतलं, १७९८ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मधली. डिसेंबरात इंग्रज फौज जबलपुरात शिरली. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर तेव्हा क्लॅरेट ही नित्याची गोष्ट होती. ती इथवर आणायची म्हणजे मात्र मोठा व्याप. जहाज आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी कलकत्त्याला लागे. पुढे गंगेतून नावेने मिर्झापूर आणि तिथून रीवामार्गे बैलगाडीच्या रस्त्याने जबलपूर. या प्रवासात वाइनने दोनदा विषुववृत्त ओलांडलेलं असे. परदेशी गिऱ्हाइकांसाठी बोर्दोचे व्यापारी आपल्या वाइनमध्ये ऱ्होन खोऱ्यातली किंवा स्पेनमधली जड वाइन मिसळत. प्रवासात तग धरावा आणि इंग्रजी जिभेला दमदार लागावं, अशी दोन्ही कामं त्यात साधत.

बोर्दोच्या बाजूनेही या व्यापाराची एक खूण उरली आहे. सँतेस्तेफ गावचा लुई गास्पार देस्तूर्नेल हा मळेवाला आपली वाइन हिंदुस्थानात पाठवत असे. न खपलेली पिंपं परत आली, की ती आधीपेक्षा मुरलेली लागतात, असं त्याला आढळलं, आणि ‘हिंदुस्थानातून परतलेली’ म्हणून ती तो मिरवून विकू लागला. आपल्या कोठाराच्या इमारतीवर त्याने पॅगोडासारखे मनोरे चढवले. लोक त्याला सँतेस्तेफचा महाराजा म्हणत. ती इमारत, कोस देस्तूर्नेल, आजही उभी आहे. महाराजा मात्र कर्जात बुडाला. १८५२ मध्ये मळा विकावा लागला, पुढच्या वर्षी तो वारला. आणखी दोन वर्षांनी, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी मळ्यांची पाच वर्गांत यादी केली, तेव्हा त्याच्या मळ्याला दुसरा वर्ग मिळाला. पहिल्या वर्गात चार नावं होती: लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. (फ्रान्समधल्या या लातूरचा मराठवाड्याशी संबंध नाही, हे सांगून ठेवतो.) पाचवं नाव, मूताँ, १९७३ मध्ये त्यांच्यात आलं. ही यादी मुख्यतः अनेक वर्षांच्या बाजारभावावरून केली होती. आज ती वेदवाक्य मानली जाते, तेव्हा हे लक्षात ठेवलेलं बरं.

मग चार महिन्यांच्या आत दोन दारं उघडली. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे जबलपूरला येऊन पोचली. अलाहाबादकडचा ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा इथे १८६७ पासूनच होता. मुंबई आणि कलकत्ता लोखंडी रुळांनी जोडली गेली ती जबलपुरात. बोर्दोची पेटी आता आफ्रिकेचा वळसा आणि बैलगाडीचे हिसके न खाता थेट आमच्या स्टेशनात उतरू शकत होती. १८७५ साली इथल्याच एका मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून स्नूकरचा खेळ रचला. छावणीला अशी फुरसत होती आणि तिचे शौक पुरवायला आगगाडी होती.

आणि नेमकं याच सुमारास तिकडे वेली वाळू लागल्या. फिलॉक्सेरा नावाचा, आपल्याकडच्या माव्याच्या जातकुळीतला, अमेरिकेतून आलेला कीटक द्राक्षवेलीच्या मुळांवर जगतो. फ्रान्समध्ये तो १८६० च्या दशकात पसरला आणि दशक संपेपर्यंत बोर्दोतही पोचला. १८७५ साली फ्रान्सने सुमारे ८४० कोटी लिटर वाइन केली होती. १८८९ साली हा आकडा २३० कोटींच्या आसपास आला. वाट मोकळी झाली तेव्हा पिंपं रिकामी होत होती. एकोणिसावं शतक संपता संपता हिंदुस्थानातल्या साहेबाच्या हातात व्हिस्की-सोड्याचा ग्लास आला होता. त्याला आणखीही कारणं होती, पण फ्रान्सची पडलेली वेल हे त्यातलं मोठं कारण. ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये लाल शराबेची नोंद झाली, तेव्हा ती शराब टेबलावरून उतरणीला लागलेली होती.

इलाज सापडला तोही अमेरिकेतूनच. अमेरिकन वेलीच्या मुळांना हा कीटक मारू शकत नाही, म्हणून तिच्या खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम बांधायचं. नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पाण्याची टंचाई आणि खारपड जमीन यांसाठी तोही डॉगरिजच्या खुंटावरच कलम करतो, आणि डॉगरिज हीही मुळात अमेरिकेचीच वेल.

दुसरा रोग होता केवडा. १८८२ साली मेदोक भागातून जाताना मिलार्दे या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला दिसलं, की आतल्या वेलींची पानं झडली आहेत पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार आहेत. वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून मळेवाल्याने त्यांच्यावर मोरचूद आणि चुना फासला होता. त्यातून १८८५ मध्ये फवारणीचं औषध सिद्ध झालं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी: बोर्डो मिश्रण. पाणी कमी करून त्याचीच बोर्डो पेस्ट होते. जबलपूरहून इटारसीमार्गे नागपूरला जाताना पांढुर्णा, नरखेड, काटोलच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागांमध्ये ती फासलेले निळसर पांढरे बुंधे दिसतात. बोर्दो हा शब्द मराठीत आला तो पेल्यातून आलेला नाही, फवारणीच्या पंपातून आला. माझ्या मते हे आगमन जास्त मानाचं आहे.

इथवर रुळांची गोष्ट झाली. आता जिभेची.

मेदोकच्या तांबड्या वाइनचा कणा म्हणजे तुरटपणा. तिथल्या गोट्या-वाळूच्या जमिनीत कॅबर्ने सोव्हिन्याँ हे जाड सालीचं, मोठ्या बियांचं, बारीक मण्यांचं द्राक्ष होतं. रस सालींवर बरेच दिवस ठेवतात, त्यात साल आणि बी यांतला टॅनिन उतरतो. पुढे वाइन ओकच्या पिंपात मुरते, तो लाकडाचा आणखी थोडा. टॅनिन हे नाव आलं कातडं कमावण्याच्या कामातून. युरोपात त्यासाठी ओकची साल वापरत. कच्च्या कातड्यातल्या प्रथिनांना टॅनिन धरून बसतो आणि कातडं कुजत नाही, त्याचं चामडं होतं. वाइनचा घोट तोंडात घेतल्यावर लाळेतल्या प्रथिनांचं तेच होतं. लाळेचा ओशटपणा जातो, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात, जीभ टाळूला घासते.

कातडं कमावण्यासाठी ओकपेक्षा स्वस्त आणि जोरकस टॅनिन एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून जाऊ लागला. तो होता हिरडा, आमच्याकडच्या बोलीत हर्रा. सुकवलेल्या हिरड्याच्या प्रती परदेशी व्यापारात गावांच्या नावाने ओळखल्या जात: ‘भीमली’, ‘राजपूर’, ‘वेंगुर्ला’ आणि ‘जबलपूर’. वेंगुर्ला म्हणजे आपलं कोकणातलंच बंदर. ज्या काळात या छावणीत बोर्दोहून टॅनिन बाटलीत भरून येत होता, त्याच काळात इथून टॅनिन पोत्यात भरून जात होता. तिकडच्या चामड्याच्या व्यापाऱ्याला जबलपूर हे शहर कदाचित नकाशावर दाखवता आलं नसतं, पण ‘जबलपूर’ म्हणजे काय लागतं हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं.

पोती भरत कोण होतं? मंडला, बालाघाट, सिवनीच्या जंगलांतले गोंड आणि बैगा. १८७८ च्या कायद्यानंतर ती जंगलं अधिकाधिक सरकारजमा होत गेली. त्याच जंगलात मोहाची फुलं वेचली जात. मोहाच्या दारूशिवाय गोंडांचं लग्न नाही की मयताचं कार्य नाही. पण ती घरी गाळली की आबकारीचा शिपाई दारात. छावणीतली दारू ती अभिरुची आणि जंगलातली दारू तो गुन्हा, अशी वाटणी करून दिली गेली, आणि आपण शिकल्यासवरल्या लोकांनी ती निमूट मान्य केली. आता मध्य प्रदेश सरकारच मोहाच्या दारूला ‘हेरिटेज मदिरा’ म्हणून बाजारात आणतं आहे. चव तीच होती. तिच्याबद्दल चांगलं बोलायला परवानगी नव्हती.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांत मी इथे मित्रमंडळींत अधूनमधून बोर्दोची बाटली उघडली जाताना पाहिली आहे, आणि दर वेळी एक गोष्ट मला खटकते. ग्लास हातात आला की चांगली बोलकी माणसं गप्प होतात. बाटलीच्या मागच्या चिठ्ठीवर ब्लॅक करंट, सीडर असं काहीतरी लिहिलेलं असतं. ब्लॅक करंट आम्हाला आइस्क्रीमपुरतंच माहीत. मग ‘आपल्याला यातलं काही कळत नाही’ असं म्हणून विषय संपतो.

एका जानेवारीत आम्ही चौघे बसलो होतो. मेदोकची २०१६ सालची बाटली होती, फार नावाजलेल्या मळ्याची नव्हती. जानेवारी मुद्दाम निवडला होता. तांबडी वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी म्हणतात ती खोली युरोपातल्या दगडी घरातली, सोळा ते अठरा अंशांची. जबलपूरच्या मे महिन्यात तीच वाइन नुसती दारूच्या वाफेसारखी लागते. तेव्हा तिला आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. मी चिठ्ठी कोणाला वाचू दिली नाही. ग्लास तिसरा हिस्साच भरला, पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहिला. मध्ये जांभळट गडद, कडेला किंचित विटकरी. ग्लास हलकेच फिरवून वास घेतला. एक जण म्हणाला, “शिसपेन्सिलीला टोक केल्यासारखा.” चिठ्ठीवरचं सीडर ते हेच, पेन्सिलीचं लाकूड. दुसऱ्याला पिकलेलं जांभूळ आठवलं, तेही खाली पडून थोडं चेचलेलं. मग घोट घेऊन तो गिळायच्या आधी तोंडभर फिरवला. आमचे हिंदीभाषक शेजारी चटकन म्हणाले, “कसैला है भाई, हर्रे जैसा.”

त्या एका शब्दाने काम झालं. संस्कृतातला कषाय, हिंदीतला कसैला, मराठीतला तुरट. पाश्चात्त्य शास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या पाचच चवी मानतं. तुरटपणाला ते स्पर्शात टाकतं. म्हणून इंग्रजीत तांबड्या वाइनचं वर्णन करताना रेशीम, मखमल, खरखरीत असे कापडाचे शब्द शोधावे लागतात. आयुर्वेदाने त्याला सहा रसांत जागा दिली, आणि हिरड्यात खारट सोडून पाचही रस सांगून तुरट हा मुख्य मानला. आपल्याला हा रस कोणी शिकवावा लागत नाही. आवळा, सुपारी, कच्चं केळं, काथ, जांभूळ यांच्यातले तुरटपणाचे फरक शाळकरी पोरालाही सांगता येतात. बाळगुटीत बाळहिरडा उगाळतात आणि मायफळही. मायफळ म्हणजे ओकच्याच एका जातीच्या झाडावरची गाठ. ज्याला बोर्दोचे जाणकार पिंपाची देणगी म्हणतात, तिच्या भाऊबंदाची ओळख मराठी बाळाला दात येण्यापूर्वीच झालेली असते.

मग आम्ही तुरटपणाच मोजायला लागलो. तो हिरड्यांवर जास्त की जिभेच्या टोकाशी? सुपारीसारखा कोरडा की जांभळासारखा रसाळ? घोट गेल्यावर किती वेळ राहतो? कोवळ्या वाइनमध्ये तो कच्च्या केळ्यासारखा घट्ट धरतो. वर्षं जातील तसा मऊ होतो, काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो. आमची बाटली मधल्या वयाची होती. बरोबरच्या तिखट शेवेने तिचं वाटोळं केलं. तिखटाने दारूचा चटका वाढला आणि वाइन नुसती कडवट लागू लागली. नंतर बेताच्या मसाल्याचं, मंद आचेवर शिजलेलं मटण आलं तेव्हा तीच वाइन नरम झाली. न खाणाऱ्याला पनीरनेही हेच जाणवलं. कारण सोपं आहे: कोरा चहा तुरट लागतो आणि दूध घातलं की लागत नाही. टॅनिनला धरायला दुसरी प्रथिनं मिळाली की तो तोंडाला सोडतो. दुधाचा चहा पिणाऱ्या देशाला ही गोष्ट कळण्यासाठी बोर्दोला जायची गरज नाही.

मराठीत दारूची भाषा गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने ठरवली. १९१९ मध्ये ते नाटक रंगभूमीवर आलं, आणि सुधाकर-सिंधूची घरं तेव्हाही होती, आजही आहेत. जबलपुरातल्या कुठल्याही वस्तीत ती दाखवता येतील. त्या भाषेतलं दुःख खरं आहे आणि ते पुसून टाकावं असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या एका भाषेखेरीज आपल्याकडे उरतो तो फक्त चिठ्ठीवरचा उसना इंग्रजी मजकूर. एकीकडे धिक्कार, दुसरीकडे दिखावा. मधल्या जागेत साधं वर्णन असायला हवं: हे काय लागतं, कुठे लागतं, किती वेळ लागतं. चव सांगता येणं म्हणजे प्यायला लागणं नव्हे. उलट ज्याला चव सांगायची आहे तो सावकाश घोट घेतो आणि लवकर थांबतो. आणि ज्या दिवशी मोहाची, ताडीची, कोकणातल्या माडीची चवही आपण अशाच शब्दांत सांगू, त्या दिवशी छावणी आणि जंगल यांच्यात पाडलेली ती जुनी भिंत थोडी तरी खचेल.

ज्यांना दारूला शिवायचं नाही, त्यांनाही या वाइनचा निम्मा धडा घेता येतो. कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात हिरडा मिळतो, आमच्याकडे हर्रा म्हणून मागायचा. एक छोटा तुकडा तोंडात धरावा आणि घाई न करता तो कुठे कुठे जाणवतो ते पाहावं. इंग्रजांच्या लाल शराबेत होतं ते बरंचसं हेच, आणि ‘जबलपूर’ या नावाने परदेशी जाई ते तर नेमकं हेच.